गुऱ्हाळातला प्रश्न

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्यालगत आहे. तालुका इंदापूरचा खरा. पण आमचा बाजार, आमची शाळा आणि दुखण्याखुपण्याला लागणारा डॉक्टर हे सारे बारामतीला, कारण आम्हांला बारामतीच जवळ पडे. कालवा येण्यापूर्वी हा मुलूख जिरायती होता. पाऊस झाला तर ज्वारी-बाजरी पिके. न झाला तर हालांना सीमा नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरच्या धरणात साठवलेले पाणी कालव्याने इकडे आले आणि कोरड्या माळांवर ऊस उभा राहिला. माझे बालपण त्या उसाच्या सावलीत गेले.

पौष महिना लागला की आमच्या मळ्यात गुऱ्हाळ सुरू होई. आमच्या आजोबांना आम्ही आबा म्हणत असू. गुळव्या म्हणून पंचक्रोशीत त्यांचे नाव होते. गुऱ्हाळात माणसे पुष्कळ लागतात. कोणी चरकात ऊस घालतो, कोणी चुलवाणात चिपाडे सारतो, कोणी रसाच्या घागरी वाहतो. पण गुळाचे बरेवाईट ठरते ते एकट्या गुळव्याच्या हाती. काहिलीतला रस तापू लागला की आबा त्यात भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी आणि चुन्याची निवळी घालीत. काळपट मळी वर तरंगून येई, ती ते झाऱ्याने काढून टाकीत. मग रस उकळ्या मारू लागे, त्यावर सोनेरी फेस चढे, आणि हळूहळू सर्वांचे बोलणे थांबे. आबा काठीच्या टोकाने उकळत्या पाकाचा थेंब उचलून थंड पाण्यात सोडीत, दोन बोटांत धरून त्याची गोळी वळीत आणि ती काहिलीच्या काठावर टाकून तिचा आवाज ऐकत. ठराविक आवाज आला की ते हात वर करीत, आणि गडी एकदम धावून काहील उतरवीत. ती थोडी आधी उतरवली तर गूळ बसत नाही, पाझरत राहतो. थोडी उशिरा उतरवली तर करपतो. त्या क्षणी पाकाचे तापमान सुमारे 118 अंश सेल्सिअस असते, असे मी पुढे पुस्तकात वाचले. आबांजवळ तापमापक नव्हता.

मी बारामतीच्या शाळेत आठवीत असताना आमच्या वर्गाची सहल जवळच्या एका साखर कारखान्यात गेली. अवाढव्य चरक, वाफेच्या नळ्या, पांढऱ्या साखरेचा अखंड पाऊस पाडणारी यंत्रे, सारे पाहून आम्ही थक्क झालो. परंतु माझ्या मनात भरली ती तेथील प्रयोगशाळा. पांढरा अंगरखा घातलेल्या एका गृहस्थांनी उंच काचपात्रात उसाचा रस ओतला, त्यात एक काचेची नळी तरंगत सोडली, तिच्यावरचा आकडा वाचला आणि “ब्रिक्स अठरा” असे म्हणून तो वहीत टिपून ठेवला. रस तोंडात न घालता त्याची गोडी त्यांना कळली होती! तेथील फळ्यावर काही शब्द लिहिलेले होते. मी ते माझ्या वहीत उतरून घेतले : सुक्रोज, ग्लुकोज, ब्रिक्स, मोलॅसिस, अल्कोहोल. त्यांचे अर्थ मला समजले नव्हते. परंतु परतीच्या वाटेवर ते पाचही शब्द मी पाठ करून टाकले.

त्याच संध्याकाळी मी गुऱ्हाळात गेलो आणि गड्यांच्या देखत आबांना म्हणालो, “आबा, तुम्ही जन्मभर रस आटवला, पण त्यात काय असते, ते ठाऊक आहे का? त्यात सुक्रोज असते. कारखान्यातले साहेब नळी बुडवून ते मोजतात. असे बोटांनी बघणे म्हणजे अडाणीपणा.”

गडी एकमेकांकडे पाहू लागले. आबांनी झारा हातातून ठेवला नाही की माझ्याकडे वळून पाहिले नाही. जरा वेळाने ते म्हणाले, “सुक्रोज. बरं. म्हंजी काय?”

“म्हणजे साखर.”

“त्ये कळलं रं. पर त्या नावाचा अर्थ काय?”

“शास्त्रातल्या नावांना अर्थ नसतो, आबा. ती इंग्रजी नावे आहेत. ती नुसती पाठ करायची.”

“आरं, आपुन बैलाला नाव ठिवतो, त्ये बी काय तरी बघूनच ठिवतो. मग येवढ्या शिकल्या-सवरल्या मानसांनी उगंच ठिवलं आसंल व्हय? जा, इचारून ये.”

एवढे बोलून ते पाकाकडे वळले, कारण गोळी घेण्याची वेळ झाली होती. रात्री मी अंथरुणावर पडलो, तरी मला झोप येईना. आबांच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते, हे त्याचे एक कारण होते. पण खरे कारण निराळे होते. “अडाणीपणा” हा शब्द मी उच्चारला तेव्हा आबांचा हात काहिलीवर क्षणभर थांबला होता, आणि ते मी पाहिले होते.

आमच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवणारे एक वृद्ध गुरुजी होते. ते कऱ्हेच्या बाजूला एका जुन्या वाड्यात राहत. याच बारामतीत अठराव्या शतकात कविवर्य मोरोपंत राहत होते, याचा त्यांना फार अभिमान वाटे. जुनी मोडी दफ्तरे वाचण्याचा त्यांना छंद होता आणि त्यासाठी ते फारसीही शिकले होते. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो व आबांचा प्रश्न त्यांना सांगितला. मी आबांना जे बोललो होतो तेही सांगितले. फक्त तो एक शब्द तेवढा गाळला.

गुरुजी उठले. आतून त्यांनी चिमूटभर साखर आणली आणि अंगणातली चिमूटभर वाळू घेतली. दोन्ही चिमटी कागदावर शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले, “डोळे मीट आणि बोट फिरव. कोणती साखर आणि कोणती वाळू, ते सांग.”

मी बोट फिरवले. दोन्हीकडे तीच खरखर होती.

“आपल्या पूर्वजांचेही बोट असेच फिरले असले पाहिजे,” गुरुजी म्हणाले. “संस्कृतात शर्करा म्हणजे मूळ खडे, रेती. रस आटवून त्याचे दाणे धरू लागले, तेव्हा त्या गोड रेतीलाही तेच नाव मिळाले. या शर्करेची आपली साखर झाली. इराणात तिला शकर म्हणू लागले. अरबांनी ऊस आणि साखर करण्याची विद्या पश्चिमेकडे नेली आणि शब्दही बरोबर नेला. त्यांच्या तोंडी तो सुक्कर झाला. फ्रेंचांनी त्याचे सुक्र केले आणि इंग्रजांनी शुगर. माल जसा बंदरोबंदरी उतरत गेला, तसे त्याचे नावही उतरत गेले.”

“आणि सुक्रोज?”

“ते अगदी अलीकडचे. 1857 साली विल्यम मिलर नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने फ्रेंचांचा सुक्र हा शब्द घेतला आणि त्याला ‘ओज’ हा प्रत्यय लावला.”

मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, “ओज म्हणजे तेज! ओजस्वी या शब्दातले!”

गुरुजी खळखळून हसले. “तुझी गाडी रूळ सोडून धावू लागली. हा ‘ओज’ आपला नव्हे. 1838 साली फ्रेंच रसायनज्ञांनी द्राक्षांत सापडणाऱ्या साखरेला ग्लुकोज हे नाव दिले. द्राक्षाच्या ताज्या, गोड रसाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून ते घेतले. त्या नावाचे शेपूट पुढे साऱ्या साखरांना लावण्याची रीत पडली. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. नाते सांगायचे तर मधली माणसे दाखवता आली पाहिजेत. शर्करा आणि शुगर यांच्यामधली सगळी माणसे मी तुला दाखवली. तुझ्या ‘ओज’ची एक तरी दाखव.”

मला एकही दाखवता आली नाही. पण शर्करेच्या प्रवासाने मी इतका फुलून गेलो होतो, की मी म्हणालो, “मग गुरुजी, हे सगळे शास्त्र आपलेच की!”

यावर गुरुजी हसले नाहीत. त्यांनी एक जाडजूड ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. तो मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश होता. तो प्रथम 1831 साली छापला गेला आणि 1857 साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यात पुष्कळ शब्दांपाशी एखादे इंग्रजी अक्षर छापलेले असते : संस्कृतासाठी एस, फारसीसाठी पी, अरबीसाठी ए. गुरुजी म्हणाले, “आता तुझ्या गुऱ्हाळाचीच झडती घेऊ. तुमची जमीन फारसी. पूर्वी ती जिरायत होती, आता बागायत झाली. हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले. जो कारखाना तू पाहून आलास, तोही फारसी : कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे घर. तुझी आजी सणाला ज्या चाशणीत बुंदी टाकते, ती चाशणीसुद्धा फारसी. तिकडे चाशनी म्हणजे चव. उद्या इराणातला कोणी मुलगा म्हणाला, की बारामतीची बागायत आणि कारखाने सारे आमचेच, तर तुला चालेल का?”

मी गप्प बसलो.

“शब्द आपल्याकडून गेला हे खरे, आणि त्याचा आनंद जरूर मान. पण साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण काय, हे ज्यांनी रात्रंदिवस खपून शोधून काढले, ती माणसे युरोपातली होती. त्यांच्या श्रमांवर आपले नाव घालायचे नाही.”

मग त्यांनी मला शिवाजीमहाराजांच्या राज्यव्यवहारकोशाविषयी सांगितले. राज्यकारभारात त्या काळी फारसी शब्दांची इतकी दाटी झाली होती, की महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून त्यांचे संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश रचून घेतला. बारामतीजवळचे सुपे शहाजीराजांच्या जहागिरीतले, त्यामुळे गुरुजींना ही गोष्ट घरची वाटे. “पेशव्यांना त्या काळी पंतप्रधान हा संस्कृत शब्द मिळाला, आणि तो आजही आपण वापरतो,” ते म्हणाले. “पण जमीन काही बदलली नाही. शेतकऱ्याच्या पायाखालचा शब्द होता तो!”

कोशाच्या पहिल्या पानावर मोल्सवर्थ यांच्या साहाय्यकांची नावे होती. त्यांत ‘कँडी’ असे एक आडनाव पाहून मला हसू आवरेना, कारण कँडी म्हणजे खडीसाखर, हे मला इंग्रजीच्या तासाला कळले होते. गुरुजींनी सांगितले, की वस्तू असलेल्या कँडीचे मूळही आपल्याकडेच सापडते : संस्कृतात खंड म्हणजे तुकडा, त्याचे फारसीत कंद झाले, अरबांनी ते पुढे नेले आणि फ्रेंचांच्या मार्फत ते इंग्रजीत पोचले. मी लगेच विचारले, “म्हणजे या साहेबांचे पूर्वज खडीसाखर विकत असतील?” गुरुजींनी नुसते बोट वर केले. “मधली माणसे!” मी जीभ चावली.

बाकीच्या शब्दांपैकी ब्रिक्सचा उलगडा सर्वांत सोपा निघाला. ॲडॉल्फ ब्रिक्स नावाचे एक जर्मन गणिती आणि अभियंते एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्यांनी साखरेच्या द्रावणाच्या घनतेची मापे बसवली, म्हणून मापाला त्यांचे आडनाव मिळाले. मोलॅसिस म्हणजे आपली मळी. ती काळी, चिकट आणि नकोशी. पण तिचे नाव मोठे गोड आहे, कारण ते मधाच्या लॅटिन नावापासून पोर्तुगीजांच्या मार्गे आले आहे. अल्कोहोल या शब्दाने मात्र मला चकित केले. अरबी भाषेत अल्-कुहल म्हणजे डोळ्यांत घालण्याचा बारीक सुरमा. कोणत्याही पदार्थाची अतिशय बारीक पूड, मग पदार्थाचे सार, मग मद्य उकळून काढलेले सार, असा अर्थ सरकत सरकत सुरम्याच्या डबीतून तो शब्द अर्काच्या बाटलीत जाऊन बसला! माणसे गाव सोडून जातात आणि धंदाही बदलतात, तसेच हे झाले.

अर्थ बदलतात त्याप्रमाणे नावे चुकतातही. मुलांनो, पुढे तुम्ही त्रिकोणमिती नावाचे गणित शिकाल. त्यात साइन नावाची एक राशी येते. आर्यभटाच्या वेळचे आपले गणिती तिला ज्या किंवा जीवा म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो शब्द ध्वनीवरून जिबा असा घेतला. पण त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर करणाराने तो जैब असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, खिसा. त्याने इमानेइतबारे घडीला लॅटिनमध्ये जो शब्द आहे तो लिहिला : सायनस! धनुष्याची दोरी अशी खिशात गेली आणि अद्यापि तेथेच आहे. गणित मात्र त्यामुळे तसूभरही बिघडले नाही.

मी निघालो तेव्हा गुरुजींनी विचारले, “तुमच्या घरी खताचे पोते आहे का? त्यावर काय लिहिले आहे?”

ते मला तोंडपाठ होते : नत्र, स्फुरद, पालाश. आबांना अक्षरओळख बेताची होती. त्यामुळे पोत्यावरचे शब्द मीच त्यांना वाचून दाखवीत असे.

“त्यातले नत्र म्हणजे नायट्रोजन. फ्रान्समध्ये लाव्हाझिए नावाचा थोर रसायनज्ञ होऊन गेला. 1787 साली त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी साऱ्या रसायनांना पद्धतशीर नावे देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यापूर्वी रसायनांना वाटेल ती नावे असत. एकाच क्षाराला चार गावांत चार. त्यांनी ठरवले, की नाव ऐकताच पदार्थ कशाचा झाला आहे ते कळले पाहिजे. केवढा मोठा विचार! पण त्याच लाव्हाझिएने या वायूला नाव दिले अझोत. त्याचा अर्थ निर्जीव. कारण त्या वायूत कोंडलेला प्राणी जगत नाही. आणि आज तुझे आबा उसाला जीव यावा म्हणून काय घालतात? तेच!”

“मग त्याला कळले नव्हते का?”

“त्याला जेवढे दिसले, तेवढे खरेच होते. प्राणवायूचेही तसेच झाले. ऑक्सिजन या त्यानेच दिलेल्या नावाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा. सर्व आम्लांत हा वायू असतोच, असे त्याला वाटले. पुढे हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले, की मिठापासून होणाऱ्या आम्लात तो मुळीच नसतो. नाव मात्र राहिले.”

स्फुरदचे मूळ नाव फॉस्फरस. त्याचा ग्रीक अर्थ प्रकाश आणणारा. 1669 साली हँबर्गच्या हेनिग ब्रांडला तो सापडला, तेव्हा काळोखात चमकत होता. स्फुरद या मराठी नावातही ते स्फुरण आहे. पालाश म्हणजे पोटॅश. हा शब्द साधा घरगुती आहे : पॉट म्हणजे भांडे आणि ॲश म्हणजे राख. लाकडाच्या राखेचे पाणी भांड्यात आटवून हा क्षार काढीत. आपल्या वैद्यकातही पळसाच्या राखेपासून क्षार काढण्याची जुनी रीत आहे, आणि पालाश म्हणजे पळसाचे. पोटॅश आणि पालाश हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात. तरी त्यांचे कूळ एक नाही. मराठीत ज्याने कोणी हे नाव योजले, त्याने ध्वनी आणि अर्थ दोन्ही एकाच वेळी साधले. मला स्वतःला साऱ्या मराठी शास्त्रीय नावांत हे सर्वांत देखणे वाटते.

उंबऱ्यापर्यंत पोचवायला येऊन गुरुजी अचानक म्हणाले, “आबांना जे बोललास त्यात आणखी एखादा शब्द होता का रे?” मी मान खाली घातली आणि तो शब्द सांगितला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी ती साखरेची आणि वाळूची पुडी बांधून माझ्या हाती दिली.

पुढच्या शनिवारी दुपारीच शाळा सुटली. मी घरी न जाता थेट गुऱ्हाळात गेलो. एक काहील नुकतीच उतरली होती आणि आबा वाफ्यात ओतलेला पाक फावड्याने घोटीत होते. मी पुडी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांना डोळे मिटायला लावून बोट फिरवायला सांगितले आणि मग शर्करेचा सारा प्रवास त्यांना सांगितला : रेती, इराण, अरब, फ्रान्स, इंग्लंड आणि शेवटी आमच्या तालुक्यातला तो फळा. आबा लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांचे फावडे मात्र चाललेच होते. माझे सांगणे संपल्यावर त्यांनी वाफ्याच्या कडेचा निवत आलेला गूळ नखाने खरवडला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“चोळून बघ. कणी लागती का?”

गुळात बारीक, रवाळ कण लागत होते.

“कणी धरली तरच गूळ. न्हाई धरली तर नुसता चिकटा. म्या गोळी करून बघतो ती ह्येच बघतो, कणी धरनार का न्हाई. खडं म्हनलं त्यांनी? बराबर नाव ठिवलंय.”

मी पाहतच राहिलो. शर्करा हे नाव ज्यांनी प्रथम योजले, त्यांनी जे बोटाने जाणले होते, तेच आबा रोज बोटाने जाणत होते. कारखान्यातल्या काचेच्या नळीला मी शास्त्र म्हणालो होतो, आणि याला मात्र अडाणीपणा म्हणालो होतो. “आबा, त्या दिवशी मी तुम्हांला वाईट बोललो,” एवढे मी कसेबसे म्हणालो. त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही. पुढची काहील उकळीला आली, तेव्हा मात्र त्यांनी ती काठी माझ्या हातात दिली आणि वाटीभर पाणी पुढे सरकवले. मी थेंब उचलला, पाण्यात सोडला, गोळी वळू लागलो. ती माझ्या बोटांत पसरून गेली.

“अजून येळ हाय,” आबा म्हणाले. “थांब.”

तिसऱ्या वेळी माझी गोळी वळली. ती काहिलीच्या काठावर टाकली तेव्हा तिचा आवाज आबांनीही ऐकला आणि हात वर केला.

त्या रात्री जेवायला बसलो असता मी त्यांना आणखी एक गंमत सांगितली. स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने 1753 साली उसाला सॅकरम ऑफिसिनॅरम असे नाव दिले. यातला सॅकरम हा शब्द त्याच शर्करेपासून ग्रीक व लॅटिन भाषांत गेलेल्या शब्दाचे रूप आहे. ऑफिसिनॅरम म्हणजे औषधांच्या दुकानातला. कारण युरोपात साखर पुष्कळ काळ वैद्यांच्या फडताळात, औषधासारखी तोळ्या-माशाने विकली जाई. हे ऐकून आबांना फार हसू आले. ढेपेतला एक खडा माझ्या ताटात टाकून ते म्हणाले, “घे, औषीद खा.” मग खाता खाता त्यांनी विचारले, “आन् गुळाला इंग्रज काय म्हंत्यात?”

“जॅगरी.”

“त्याचा अर्थ काय?”

मला तो ठाऊक नव्हता. उद्याच गुरुजींना विचारतो, असे मी म्हणालो. पण परीक्षा जवळ आली, मग सुट्टी लागली, आणि पुढच्या वर्षी गुरुजी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. मीही पुढे पुण्याच्या महाविद्यालयात गेलो आणि रसायनशास्त्र घेतले. मी दुसऱ्या वर्षात असताना आबा वारले.

त्यानंतर कित्येक वर्षांनी एका ग्रंथालयात ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा 1886 साली निघालेला कोश माझ्या हाती पडला. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा तो कोश आहे. पाने चाळता चाळता जॅगरी हा शब्द समोर आला. दक्षिणेतल्या भाषांत शर्करेची जी रूपे झाली, त्यांतले एक किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी उचलले. त्यांच्याकडून ते इंग्रजांनी घेतले आणि जॅगरी केले. इराणच्या वाटेने गेलेली शर्करा शुगर झाली आणि समुद्राच्या वाटेने गेलेली तीच शर्करा जॅगरी झाली. इंग्रजीत त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. मुळात मात्र दोन्ही नावांत तीच कणी आहे.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा माळ्यावरच्या पेटीतून मी आठवीतली ती वही शोधून काढली. सुक्रोज, ग्लुकोज, ब्रिक्स, मोलॅसिस, अल्कोहोल हे पाच शब्द निळ्या शाईत तसेच होते. त्यांच्याखाली मी ‘जॅगरी’ असा सहावा शब्द लिहिला आणि त्यापुढे लिहिले : ‘आबांनी विचारला होता. अर्थ : खडे.’